हरितद्रव्य हरवलेलें शेवाळ



शेवाळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पावसाळ्यांतील न्हाणीघराची फरशी, विहिरीच्या पायऱ्या किंवा देवळामागील जुनी ओलसर भिंत उभी राहते. पाय घसरला तर हाड मोडेल, एवढेंच काय तें त्याचें भय. हें शेवाळ मनुष्याच्या कातडीखालीं किंवा रक्तांत शिरून वाढूं शकतें, असें कोणी सांगितलें असतें तर गेल्या पावसाळ्यापर्यंत मीं तें हंसण्यावारी नेलें असतें. किंबहुना एकानें विचारलें तेव्हां मीं तें हंसण्यावारी नेलेंहि. आजचें हें भाषण त्या हंसण्याचें प्रायश्चित्त आहे, असें समजावें.

गोष्ट अशी झाली. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील वहिनींना कर्करोग झाला होता आणि त्यांच्यावर केमोथेरपीचा, म्हणजे रासायनिक औषधांचा, उपचार चालू होता. एके दिवशीं सकाळींच त्यांचे यजमान दाराशीं आले व म्हणाले, "मास्तर, तुम्हीं इतकीं वर्षें सृष्टिविज्ञान शिकवलेंत. कर्करोगाच्या माणसास शेवाळापासून रोग होतो असें वाचनांत आलें. खरें आहे का हो?" मीं पंतोजीच्या थाटांत उत्तर दिलें, "छे, छे! वनस्पति कधीं माणसाच्या अंगांत वाढते काय?" त्यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं दोन दिवस खपून सारें अंगण ब्लीचिंग पावडरनें घासून काढलें. तुळशीवृंदावनाचा हिरवा चौथरासुद्धां खरवडून पांढराफटक केला. ते काम करीत असतां मी खिडकींतून पाहत होतों आणि मनांत त्यांना भित्रा म्हणत होतों. पुढें कुतूहलानें वाचूं लागलों तेव्हां कळलें कीं, माझें उत्तर चुकलें होतें आणि त्यांची खटपटहि चुकीच्या जागीं झाली होती. चुकीचें उत्तर देणें हा शिक्षकाच्या हातून होणारा मोठा अपराध, म्हणून हा विषय मुळापासून सांगतों.

ज्या शेवाळाची ही कथा आहे त्याचें शास्त्रीय नांव प्रोटोथिका. १८९४ सालीं विल्हेल्म क्रूगर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें वृक्षांच्या खोडांतून झिरपणाऱ्या चिकट रसांत हे सूक्ष्म जीव प्रथम पाहिले. त्यांतील एका जातीस त्यानें झोप्फ या शास्त्रज्ञाचें नांव दिलें व दुसरीस 'मोरिफॉर्मिस' म्हणजे तुतीच्या फळासारखी असें नांव दिलें. हें तुतीचें फळ श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें रोगनिदानाच्या वेळीं त्याचीच आपणांस गरज लागणार आहे. क्रूगरला हे जीव बुरशीच्या जातीचे वाटले, आणि तसें वाटणें स्वाभाविक होतें. ते हिरवे नाहींत, सूर्यप्रकाशाची त्यांना अपेक्षा नाहीं आणि कांचेच्या तबकडींत वाढविले तर आंबलेल्या पिठांतील किण्वासारखे पांढरट, मऊ ठिपके दिसतात. परंतु त्यांची वाढण्याची रीत किण्वाची नव्हे. किण्वाच्या पेशीस अंकुर फुटतो व तो वाढून वेगळा होतो. प्रोटोथिकाची पेशी मात्र आंतल्या आंत विभागते. एका गोल कवचांत दोनापासून वीसपर्यंत पिल्लें तयार होतात आणि कवच फुटून तीं बाहेर पडतात. अशी रीत क्लोरेला नांवाच्या गोड्या पाण्यांतील हिरव्या शेवाळाची आहे. पुढें अनुवंशद्रव्याच्या तपासणीनेंहि हें नातें पक्कें ठरलें. प्रोटोथिका हें क्लोरेलाचें भावंडच. फरक इतकाच कीं, त्यानें आपलें हरितद्रव्य गमावलें आहे.

हरितद्रव्य गमावलेली वनस्पति म्हणजे काय, हें समजण्यास फार दूर जावयास नको. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखी पसरणारी अमरवेल आपण सर्वांनीं पाहिली आहे. तिला पान नाहीं, जमिनींत मूळ नाहीं, हिरवा रंग जवळजवळ नाहींच. ती दुसऱ्या झाडाच्या जिवावर जगते. स्वयंपाक करण्याचें विसरलेल्या माणसानें रोज दुसऱ्याच्या पंगतीस बसावें तसा हा प्रकार. प्रोटोथिकाचेंहि असेंच झालें आहे. सूर्यप्रकाशापासून अन्न बनविण्याची विद्या त्याच्या पूर्वजांना येत होती, ती त्याच्या वंशांत लोपली. मौज अशी कीं, ज्या लहानशा कोशांत हरितद्रव्य राहत असे तो कोश मात्र अद्याप त्याच्या पेशींत शिल्लक आहे आणि त्या कोशाचें स्वतःचें अनुवंशद्रव्यहि त्रोटक स्वरूपांत टिकून आहे. वाड्यांतील चूल कधींच विझली, पण स्वयंपाकघराची खोली तेवढी राहिली. विषयांतर होत आहे, तरी सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कीं हिवतापाच्या जंतूच्या पेशींतहि असाच एक जुना, रंग गेलेला कोश सांपडतो आणि त्याचाहि उगम शेवाळांतच आहे. हिरवी चूल विझल्यावर परक्या घरीं जेवावयास गेलेले जीव सृष्टींत एक-दोनच नाहींत.

आतां हें प्रोटोथिका राहतें कोठें? झाडांच्या रसांत, ओढ्या-तळ्यांच्या पाण्यांत, ओल्या मातींत, सांडपाण्यांत, गुरांच्या शेणांत. थोडक्यांत जेथें ओल आहे आणि कुजणारें अन्न आहे तेथें तेथें. मनुष्याच्या कातडीवर व विष्ठेंतहि तें कधीं कधीं वाटसरूसारखें आढळतें आणि कांहीं अपाय न करतां निघून जातें. आकार म्हणाल तर एका मिलिमीटरचे हजार भाग केले असतां त्यांतील तीनपासून तीस भागांएवढा. म्हणजे तें डोळ्यांस दिसणारें नव्हे, आणि पुष्कळ गोळा होऊन दिसलें तरी हिरवें नव्हे. आमच्या शेजाऱ्यांनीं जें खरवडून काढलें तें हिरवें होतें. तें पाय घसरण्याच्या दृष्टीनें धोक्याचें होतें खरें, परंतु ज्याची त्यांना भीति वाटत होती तें हें नव्हे.

या शेवाळाचा उपद्रव अधिक ओळखीचा आहे तो गोपालकांना. गाईच्या कासेंत शिरून तें कासदाह उत्पन्न करतें. जर्मनींत १९५२ सालीं हा प्रकार प्रथम नोंदला गेला आणि त्यानंतर अनेक देशांच्या गोठ्यांत तो आढळला आहे. अशा गाईचें दूध पातळ होतें, कमी होतें, आणि औषधानें गाय बरी होण्याची आशा फारशी नसते. म्हणून ती कळपांतून वेगळी काढावी लागते. पाश्चरीकरणाच्या उष्णतेस या शेवाळाचे कांहीं प्रकार तग धरून राहतात, असें प्रयोगांत दिसलें आहे. मात्र दूध आल्याबरोबर चांगलें उकळून घेण्याची आपल्या घरांतील जी जुनी रीत आहे तिच्यापुढें त्याचा निभाव लागत नाहीं.

मनुष्यांतील पहिली नोंद १९६४ सालची. आफ्रिकेंतील सिएरा लिओन या देशांत भातशेती करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पायावर चट्टा उठला होता. त्यांत हें शेवाळ सांपडलें. भाताच्या खाचरांत दिवसचे दिवस चिखलांत उभें राहणें म्हणजे काय, हें कोंकणांतील श्रोत्यांना सांगावयास नको. पण म्हणून प्रत्येक चिखलीस भिण्याचें कारण नाहीं. त्यानंतरच्या साठ वर्षांत जगाच्या निरनिराळ्या खंडांतून या रोगाचे जे रोगी वैद्यकीय वाङ्मयांत नोंदले गेले ते सुमारे दोनशेंच्या घरांत जातात. भारतांतूनहि असे रोगी नोंदले गेले आहेत. न ओळखलेले आणखी किती असतील तें कोण सांगणार?

बहुतेक रोग्यांत हें दुखणें कातडीपुरतें राहतें. कांटा टोंचणें, खरचटणें, शस्त्रक्रियेची जखम अशा एखाद्या दारानें शेवाळ आंत शिरतें आणि साधारण दोन आठवड्यांनीं तेथें लालसर गांठ, चट्टा किंवा व्रण दिसूं लागतो. दुसरा प्रकार कोंपराचा. कोंपराच्या हाडावर जी पाण्याची लहानशी पिशवी असते ती सुजते. हा प्रकार धडधाकट माणसांतहि, कोंपरास मार लागल्यावर, आढळतो. तिसरा प्रकार मात्र भयंकर. त्यांत शेवाळ रक्तांत उतरून सर्व शरीरभर पसरतें. हा तिसरा प्रकार ज्यांची प्रतिकारशक्ति खचलेली आहे अशांच्याच वांट्यास बहुधा येतो, आणि येथें कर्करोगाचा संबंध पोहोंचतो.

कर्करोगाची गांठच या शेवाळास बोलावते, असें नव्हे. आपल्या रक्तांत पांढऱ्या पेशींचें एक सैन्य असतें. एका घन मिलिमीटर रक्तांत त्यांची संख्या चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत असते, आणि त्यांत मोठा भाग न्यूट्रोफिल नांवाच्या शिपायांचा. बाहेरून आलेल्या परक्या जीवास गिळून टाकणें हें या शिपायांचें काम. निरोगी मनुष्याच्या कातडींत प्रोटोथिका शिरलें तर ते त्याचा समाचार घेतात. म्हणूनच तें सर्वत्र असूनहि रोग इतका विरळा. परंतु कर्करोगावरील औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात, आणि हे शिपाई जेथें जन्मतात ती हाडांतील मज्जा अशीच झपाट्यानें पेशी प्रसवणारी. शत्रूवर टाकलेला गोळा आपल्याच छावणींत फुटावा तसें होतें. औषधाचा हप्ता दिल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांत न्यूट्रोफिलांची संख्या तळास जाते. ती पांचशेंच्या खालीं गेली कीं वैद्य सावध होतात. ज्या कर्करोगांचा उगमच रक्तांत किंवा लसिकाग्रंथींत आहे, त्यांत तर हें सैन्य रोगानेंच आधीं फितूर केलेलें असतें. म्हणून रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांस आणि मज्जारोपण केलेल्यांस अशा विरळा रोगांचें भय अधिक. त्यांत पुष्कळांना स्टेरॉइड जातीचीं औषधें द्यावीं लागतात. तींहि प्रतिकारशक्तीस झोंपवतात. शिवाय औषध देण्यासाठीं मोठ्या शिरेंत महिनेच्या महिने एक नळी ठेवलेली असते. किल्ल्याच्या तटांत मुद्दाम ठेवलेली ती एक खिडकीच.

२००३ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन या कर्करोगाच्या सुप्रसिद्ध रुग्णालयांतील वैद्यांनीं आपल्याकडील असे रोगी आणि पूर्वीं इतरांनीं वर्णिलेले रोगी एकत्र करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एवढ्या प्रचंड संस्थेंतहि असे रोगी बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. आपल्या देशासंबंधीं महत्त्वाचा लेख २०१८ चा. भारतीय सैन्यदलांच्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या त्या लेखांत, केमोथेरपी देणाऱ्या एका कर्करोग विभागांत अनेक रोग्यांच्या रक्तांत प्रोटोथिका शिरल्याचा उद्रेक वर्णिलेला आहे. हा रोग देवी-गोवराप्रमाणें एका माणसाकडून दुसऱ्यास लागतो असा पुरावा नाहीं. तेव्हां एकाच विभागांत अनेकांना तो झाला, तर पाणी, द्रावण, नळी, हात अशा एखाद्या सामायिक वाटेचा शोध घ्यावा लागतो. रोगी रोग्यास लावीत नाहीं, म्हणून घरांतील मुलांबाळांनीं त्याच्याजवळ बसूं नये असेंहि कांहीं नाहीं.

आतां निदानाकडे वळतों, कारण खरी मेख तेथेंच आहे. हा रोग प्राणघातक होतो तो पुष्कळदा उशिरामुळें, आणि उशीर होतो तो चुकीच्या ओळखीमुळें. कातडीवरील चट्टा पाहून कोणी त्यास इसब म्हणतो, कोणी गजकर्ण, कोणी कातडीचा क्षय. मग मलमें सुरू होतात. आपल्याकडे औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीवांचून मलम आणण्याची जी खोड आहे तिच्यासंबंधीं मला येथें चार कडक शब्द बोलावेसे वाटतात. गजकर्णाचीं म्हणून विकलीं जाणारीं पुष्कळ मलमें स्टेरॉइड मिश्रित असतात. त्यांनीं खाज व लाली दोनचार दिवस दबते, माणूस खुष होतो, आणि आंतील जीव मात्र निर्धास्तपणें वाढत राहतो.

रक्त किंवा चट्ट्याचा तुकडा प्रयोगशाळेंत गेला तरीहि धोका टळत नाहीं. तबकडींत दोन-तीन दिवसांत पांढरे ठिपके उमटतात, ते हुबेहुब किण्वासारखे. ज्या प्रयोगशाळेंत रोज शंभर नमुने येतात तेथें घाईनें 'किण्व' असा शेरा मारला जाणें अशक्य नाहीं. दुसरी एक अडचण आहे. बुरशी वाढविण्याच्या खळींत इतर फाजील बुरश्या माजूं नयेत म्हणून सायक्लोहेक्झिमाइड नांवाचें द्रव्य कधीं कधीं घालतात. तें द्रव्य असेल तर प्रोटोथिका उगवतच नाहीं. म्हणजे चाळणीच अशी कीं, शोधावयाचा खडा तिच्यांतून निसटावा. मग ओळख पटते ती कशानें? सूक्ष्मदर्शकाखालीं डोळा लावून शांतपणें पाहिल्यानें. कोठेंच अंकुर दिसत नाहीं. आणि एखाद्या गोल पेशींत मधोमध एक व भोंवतीं पाकळ्यांसारखे दाणे अशी नक्षी दिसते, तेंच क्रूगरचें तुतीचें फळ. एवढी नक्षी एकदां दिसली कीं ज्ञात्यास शंका उरत नाहीं. आजकाल पेशींतील प्रथिनांच्या वजनावरून जात ओळखणारीं यंत्रें आणि अनुवंशद्रव्याच्या परीक्षा मोठ्या रुग्णालयांत आल्या आहेत, त्यांनीं काम सोपें झालें आहे. परंतु यंत्रासहि आधीं कोणी तरी शंका घेऊन नमुना द्यावा लागतो.

उपचाराची हकीकतहि मनोरंजक आहे. सामान्य जंतुनाशक औषधांचा या शेवाळावर परिणाम होत नाहीं. त्यांतल्या त्यांत भरंवशाचें ठरलें आहे तें बुरशीवरील औषध, अँफोटेरिसिन बी. हें औषध १९५० नंतरच्या दशकांत दक्षिण अमेरिकेंतील व्हेनेझुएला देशांत, ओरिनोको नदीच्या कांठच्या मातींतील एका सूक्ष्म जीवापासून मिळालें. बुरशीच्या पेशीच्या आवरणांत एर्गोस्टेरॉल नांवाचें एक स्निग्ध द्रव्य असतें, त्यास हें औषध चिकटतें आणि आवरण सच्छिद्र करून टाकतें. योगायोग असा कीं, प्रोटोथिकाच्या आवरणांतहि तेंच द्रव्य आहे. म्हणून बुरशीसाठीं केलेली किल्ली शेवाळाच्या कुलपास लागते. परंतु ही किल्ली सौम्य नव्हे. शिरेंतून देतांना हुडहुडी भरते, ताप येतो, आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. म्हणून अलीकडे तें स्निग्ध कणांत गुंडाळून देतात. बुरशीवरील दुसऱ्या औषधांचा गुण कधीं येतो, कधीं येत नाहीं. गांठ लहान असेल तर ती शस्त्रानें काढून टाकतात. आणि शिरेंतील नळीच शेवाळाचें घर झाली असेल तर ती काढल्यावांचून गत्यंतर नसतें. उपचार आठवडेच्या आठवडे, कधीं महिनेहि चालतो. कातडीपुरता रोग बहुधा आटोक्यांत येतो. सर्व शरीरांत पसरलेल्या रोगांत मात्र मृत्यूचें प्रमाण पुष्कळ आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तेथें पांढऱ्या पेशींचें सैन्य पुन्हां उभें राहतें कीं नाहीं यावरच बरेंचसें अवलंबून असतें.

सृष्टीची एक गंमत जातां जातां सांगतों. याच प्रोटोथिका कुळांतील मोरिफॉर्मिस जातीस साखर खाऊं घालून तिच्यापासून खाण्याचें तेल काढण्याचा उद्योग अमेरिकेंत या शतकांत सुरू झाला. मोठमोठ्या बंद पिंपांत हें शेवाळ अंधारांतच वाढवतात. गोठ्यांत गाईचें दूध नासवणारें कूळ कारखान्यांत तेलाचा घाणा चालवतें! तेव्हां त्यास राक्षस ठरविण्याचें कारण नाहीं.

मग ज्या घरांत कर्करोगाचा रोगी आहे त्यांनीं काय करावें? हें शेवाळ जगांतून घासून काढतां येणार नाहीं. रोग्याच्या कातडीस मात्र जपतां येतें. रक्तांतील पेशी उतरलेल्या असतील त्या दिवसांत त्यानें मातींत हात घालूं नये, कुंड्या हलवूं नयेत, माशांच्या कांचपेटीचें पाणी बदलूं नये, अनवाणी ओल्या जागीं फिरूं नये, तळ्यांत-नदींत स्नान करूं नये. खरचटलें तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुऊन झांकावें. शिरेंतील नळीच्या तोंडास न्हातांना पाणी लागूं देऊं नये. शंभर अंशांवर ताप चढला तर "उद्यां सकाळीं पाहूं" म्हणूं नये. तो बहुधा शेवाळाचा नसेल, साध्या जंतूंचा असेल, पण साधे जंतुहि अशा माणसास एका रात्रींत लोळवतात. कातडीवर एखादा चट्टा दोन आठवड्यांत हटत नसेल तर तो दाखवावा, आणि निराळ्या डॉक्टरांकडे जातांना आपला केमोथेरपीचा कागद बरोबर न्यावा. कातडीच्या डॉक्टरांस कर्करोगाची गोष्ट सांगावयास संकोच करणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत. ती गोष्ट कळली तर तुकडा काढून तपासण्याचें त्यांच्या मनांत येईल; न कळली तर मलमावर भागेल.

हें सारें वाचून झाल्यावर मी शेजाऱ्यांकडे गेलों आणि माझी चूक कबूल केली. ते बिचारे हंसले. वहिनींनीं मात्र एकच प्रश्न विचारला, "मास्तर, मग तुळशीला पाणी घातलें तर चालेल ना?" मीं त्यांच्या डॉक्टरांना विचारावयास सांगितलें. डॉक्टरांचें उत्तर आलें कीं, रक्ताचा अहवाल सुधारेपर्यंत मातीस हात लावूं नये, पाणी दुसऱ्या कोणीं घालावें. तेव्हांपासून त्या ओटीवर खुर्ची टाकून बसत, आणि यजमान तांब्या घेऊन वृंदावनाशीं उभे राहिले कीं "अहो, जरा बेतानें, मुळाशीं चिखल होतोय," असें तेथूनच सांगत.